वन्संचा कोपरा

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे म्हणतात, लोकांच्या नाकावर राग असतो, हिच्या नाकावर तो कायमचा बिऱ्हाड करून राहिलाय. म्हणू देत. अकरा वर्षं आम्ही ते रान सांभाळलं ते काही गोड बोलून नाही.

रान म्हणजे तरी केवढं? एका बाजूला आमची घरं, दुसऱ्या बाजूला बसडेपो, मागे पाण्याची टाकी, पुढे रस्ता. या टोकाला उभं राहून हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जाते. माझी तर जातेच. पण ही घरं, डेपो, टाकी यातलं काहीच नव्हतं तेव्हापासूनचं ते रान आहे, कोणी लावलेलं नाही. त्यातली मूळची सतरा झाडं उरलीत. त्यांचं पुस्तकातलं नाव म्हणताना जिभेला गाठ पडते, म्हणून आम्ही त्यांना थोरले म्हणतो. दोघांनी हात पसरले तरी कवेत येत नाहीत असे बुंधे. पान जाड, चकचकीत, कड गुळगुळीत.

आम्ही दर रविवारी सकाळी तिथे तण काढतो. आसपासच्या बंगल्यांनी कधीकाळी कुंपणाला एक परदेशी झुडूप लावलं होतं. पानाची कड दातेरी, म्हणून आमच्यात त्याला करवती म्हणतात. तिचं बी रानात शिरलं आणि सगळीकडे माजलं. मी गटाची प्रमुख झाले तेव्हा थोरल्यांचे बुंधेसुद्धा दिसत नव्हते. मी शिस्त लावली. जिथे रान सगळ्यात चांगलं आहे तिथून सुरुवात करायची आणि बाहेर सरकत जायचं. म्हणजे आधी थोरल्यांच्या पायथ्याशी, मग पुढे. हातमोजे घातल्याशिवाय कोणी काही धरायचं नाही. आणि तण कुठलं हे मी ठरवायचं. तीन वर्षांत मोठी करवती संपली. त्यानंतर दर रविवारी फक्त वीतभर रोपं निघायची, ती उपटायची, आमच्या अवजारांच्या शेडमागच्या जाळीवर वाळत टाकायची. चौथ्या वर्षी आम्हाला सगळ्यात जास्त तण काढणारा गट म्हणून ढाल मिळाली. ती शेडच्या भिंतीवर आहे. मीच ठोकली खिळा मारून.

गेल्या महिन्यात नगर कार्यालयाचं पत्र आलं. डेपो वाढवायचाय, जागा हवीय. जुनं रान म्हणून आमच्या तुकड्याला संरक्षण आहे, पण नियम असा की रान जिवंत असलं पाहिजे. म्हणजे जुन्या झाडांची आपोआप उगवलेली पिल्लं रानात दिसली पाहिजेत. हाताने लावलेली मोजत नाहीत. पिल्लं नसतील तर रान संपत आलेलं धरायचं आणि संरक्षण काढायचं. दहा दिवसांनी तपासनीस बाई येणार होत्या.

"हात्तिच्या! एवढंच ना?" मी म्हणाले. "सतरा झाडं दरवर्षी बी टाकतात. शंभर पिल्लं दाखवू."

शोधायला आम्ही तिघं निघालो. मी, आमचे कंपाउंडर आणि ड्रायव्हर. कंपाउंडर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, मुंगीलासुद्धा अहोजाहो करतील. ड्रायव्हरने याच डेपोत तीस वर्षं बस चालवली. तीन सकाळी आम्ही रान इंच इंच पालथं घातलं. थोरल्यासारखं जाड, गुळगुळीत पान असलेलं एकही लहान रोप नाही. एकही नाही! थोरल्यांखालची जमीन माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याइतकी स्वच्छ होती.

"झाडं थकली असतील हो," कंपाउंडर हळूच म्हणाले. "वय झालं की..."

"वय तुमचं झालंय!" मी ओरडले. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. सतरा झाडं, सतरा म्हाताऱ्या, एकीचीही कूस उजवत नाही, असं कसं होईल?

त्यातच यांनी घरी भुणभुण लावली. "ताईचा गुडघा बदललाय. आठ दिवस झाले. तू एकदाही गेली नाहीस."

ताई म्हणजे यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. सारा जन्म टेलिफोन ऑफिसात गेला, त्यामुळे बोलायला लागल्या की लाइन कापल्याशिवाय थांबत नाहीत. एके काळी त्या आमच्या गटात होत्या. टाकीजवळचा कोपरा त्यांच्याकडे होता. काम कसलं, अर्धा वेळ बुंध्याला टेकून थर्मासातला चहा. हातमोजे तर कधी घालायच्याच नाहीत, म्हणे घाम येतो. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी त्या एक रोप मुळासकट हातात घेऊन आल्या. "वहिनी, याचं पान मागून मऊ लागतंय. करवतीचं खरखरीत असतं ना? हे नक्की तेच आहे का?"

मी उन्हाने आधीच तापलेली. म्हणाले, "वन्सं, तण ओळखायला टेलिफोनचा अनुभव लागत नाही."

सगळे हसले. वन्संनी ते रोप रुमालात गुंडाळलं, पिशवीत टाकलं आणि निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. मीही कमी नाही. म्हटलं, त्यांच्या कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही, माजू दे तण, लोकांना दिसू दे आळशीपणा. त्या कोपऱ्यावर काटेरी वेल चढला, आणि मी पाच वर्षं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तो पीळ म्हणजे मी.

तर डबा घेऊन वन्संकडे गेले. वन्सं खुर्चीत पाय लांब करून बसल्या होत्या.

"या. रस्ता बरा सापडला," त्या म्हणाल्या.

"पाच वर्षांत काही रस्ता हलला नाही."

"रस्ता नाही हो हलला. बसा."

मी डबा ठेवायला स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीतून बाल्कनी दिसली. तिथे एका जुन्या बादलीत माझ्या खांद्याएवढं झाड होतं. खालची पानं दातेरी. करवती! घरात करवती पाळलीय या बाईने! मी तणतणत बाल्कनीत गेले, उपटायला हात घातला, आणि माझी नजर वर गेली.

वरची पानं जाड होती. चकचकीत. कड गुळगुळीत.

मी खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं. एकच खोड. खाली दातेरी, मध्ये अर्धवट दातेरी, शेंड्याला थोरल्याचं पान. मी खालचं एक पान बोटात धरून उलटं केलं. मागून मऊ, बारीक लव. हातमोज्यातून कधी लागणारच नाही अशी.

मी तिथे बाल्कनीच्या फरशीवर बसले.

थोरल्याची पिल्लं लहानपणी करवतीसारखी दिसतात. शेडपाशी ओळखीसाठी लावलेल्या आमच्या फलकावर झाडांच्या चित्रांत मोठ्या झाडाचं पान आहे आणि तणांच्या चित्रांत लहान रोपाचं. थोरल्याचं बाळ कोणी छापलंच नव्हतं, आणि मला कुठे कोणाला विचारायची सवय? खरी करवती तिसऱ्या वर्षीच जवळजवळ संपली होती. पुढची आठ वर्षं मी दर रविवारी पोरं उपटत होते. तीही आयांच्या पायाशी बसून, सगळ्यात आधी, सगळ्यात निगुतीने. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. त्या दांड्याला निदान ढाल तरी देत नाहीत.

"वहिनी?" आतून हाक आली. "चक्कर आली का?"

मी आत गेले आणि सगळं सांगून टाकलं. रडले. हो, रडले, लाज कसली. वन्सं ऐकत राहिल्या. मला वाटलं आता ही बाई पाच वर्षांचं व्याजासकट काढणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, मऊ लागतंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"छे हो! मला काय कळतंय झाडातलं. मऊ लागलं म्हणून विचारलं. तुम्ही बोललात, मला राग आला. पण उपटलेला असला तरी जीवच ना, टाकवेना. बादलीत खोचलं." मग त्यांनी बाल्कनीकडे हात केला. "घेऊन जा हे आणि लावा रानात. एक तर दिसेल बाईंना."

"लावलेलं चालत नाही."

"कोण सांगायला जातंय?"

"मी खोटं बोलत नाही, वन्सं. मी चुकते तीसुद्धा खरी चुकते."

"हो, आणि मोठ्याने," त्या म्हणाल्या.

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. मी काय म्हणाले होते? त्यांच्या कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही! पाच वर्षं! टाकीजवळच्या त्या कोपऱ्यावर दोन थोरल्यांची सावली पडते.

"वन्सं, उठा. कोपऱ्यात जायचंय."

"अहो, गुडघा!"

"एक बदललाय ना? दुसरा आहे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरने त्यांना गाडीतून आणलं आणि घडीची खुर्ची टाकून कोपऱ्यापाशी बसवलं. मी गटाला एवढंच सांगितलं की वेल कापायचा, खालचं काहीही उपटायचं नाही, आणि हातमोजे काढून ठेवायचे. कंपाउंडरांना वाटलं मला ऊन लागलंय.

"काटे आहेत हो," ते म्हणाले.

"दिसतायत मला."

कारण सांगायची हिंमत झाली नाही. खरंच नाही झाली. अकरा वर्षं ज्यांना ओरडत आले त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? वन्संना सगळं माहीत होतं. म्हटलं ही टेलिफोनवाली तासाभरात गावभर करणार. पण सहा दिवस त्या खुर्चीत बसून पृथ्वीवरच्या सगळ्या विषयांवर बोलल्या, यावर एक अवाक्षर नाही.

तो वेल म्हणजे नुसता वैरी. एक फांदी कापली की दुसरी बाहीत अडकायची. मी जमिनीवर गुडघे टेकून आत सरकायचे, बुडाशी कापायचे आणि ड्रायव्हर मागून ओढायचा. हातांची चाळण झाली. घरी औषध लावताना हे म्हणायचे, पुरे आता, जाऊ दे ती जागा डेपोला. मी म्हटलं, ती जागा जाईल तेव्हा मी आधी जाईन, मग काय ते डेपोत बसा. तीन दिवस काही मिळालं नाही. चौथ्या दिवशी टाकीच्या भिंतीला लागून, वेलाच्या अंधारात, एक दातेरी पान दिसलं. मी पोटावर सरपटत गेले. पान उलटं केलं. खरखरीत. करवतीच निघाली, बदमाश. तिच्या पलीकडे दुसरं. मी दोन बोटांत धरलं.

मऊ.

"वन्सं!" मी आतून ओरडले. "मऊ आहे!"

"मग ओरडताय काय, दचकेल ते!"

सहाव्या दिवशी संध्याकाळी तेवीस झाली. काही गुडघ्याएवढी, दोन कमरेएवढी. प्रत्येकाचं पान मी तोडून नाही, तिथेच वाकवून वन्संना दाखवायचे. त्यांचा हात पोहोचला नाही तर काठी टेकत उठायच्या, दोन पावलं टाकायच्या, पान चोळायच्या आणि मान डोलवायच्या.

तपासनीस बाई सकाळी आल्या. तरुण होत्या, केस बांधलेले, पायात बूट, बोलणं मोजकं. आधी सगळं रान फिरल्या. थोरल्यांखालची स्वच्छ जमीन बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग मी त्यांना कोपऱ्यात नेलं. त्यांनी पहिल्याच रोपाचं पान उलटं केलं, बोट फिरवलं आणि ओळखलं. एका मिनिटात! मला वाटलं, जिंकलो.

त्यांनी तेवीसच्या तेवीस बघितली. मग उभ्या राहिल्या, टाकीच्या नळाकडे बघितलं, ताज्या कापलेल्या वेलाच्या ढिगाकडे बघितलं.

"सगळ्या रानात एकही नाही," त्या म्हणाल्या, "आणि इथे एका कोपऱ्यात तेवीस. शेजारी नळ. जागा आत्ताच साफ केलेली. तुम्ही रागावू नका, पण ही कोणीतरी आणून लावलीत."

"नाही हो," कंपाउंडर म्हणाले. "आम्ही तर फक्त वेल..."

"मग बाकी रानात का नाहीत? झाडं सतरा आहेत. पिल्लं दोघांच्याच खाली कशी?"

कंपाउंडरांनी माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हरने बघितलं. त्यांना बिचाऱ्यांना खरंच माहीत नव्हतं. बाईंनी पेनचं टोपण काढलं. वन्सं खुर्चीत बसल्या होत्या. त्या एका वाक्यात सांगू शकल्या असत्या. त्या काठीच्या मुठीकडे बघत गप्प राहिल्या. माझं मला सांगायला ठेवलं त्यांनी.

"कारण बाकीची मी उपटली," मी म्हणाले.

माझा आवाज हाक मारायला मोठा असतो, तेव्हा नीट निघेना. मी खाकरले आणि पुन्हा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आठ वर्षं. दर रविवारी. करवती समजून. या गटातल्या कोणाची चूक नाही, तण कुठलं ते मी ठरवत होते. या वन्संनी मला पाच वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत विचारलं होतं, हे नक्की तेच आहे का. मी त्यांचा अपमान केला. त्या गेल्या, आणि रागाने मी हा कोपरा सोडून दिला. म्हणून ही वाचली. माझ्या हातून वाचली नाहीत, माझ्या रागातून वाचली."

"याला पुरावा?" बाईंनी विचारलं. आवाज कठोर नव्हता, पण विचारलं.

मी त्यांना शेडमागे नेलं. जाळीवर गेल्या महिन्याभरात उपटलेली रोपं वाळत पडली होती. वन्संच्या बाल्कनीतलं झाड पाहिल्यापासून मी त्या जाळीकडे फिरकले नव्हते. बाईंनी पिशवीतून भिंग काढलं आणि एकेक वाळकं रोप उचलून पान उलटं करायला लागल्या. वाळलं तरी लव जात नाही. एका बाजूला एक ढीग, दुसऱ्या बाजूला दुसरा. करवतीच्या ढिगात तीन पडली. दुसऱ्या ढिगात एकतीस.

कंपाउंडरांनी डोक्यावरची टोपी काढली. मी भिंतीवरची ढाल खाली उतरवली, खिळ्यासकट.

"अहो, हे काय करताय?" बाई म्हणाल्या. "ऐका. एका महिन्यात एकतीस. मी इतकी रानं तपासली, एवढी पिल्लं देणारं जुनं रान मला सापडलं नाही. हे रान थकलेलं नाही, आजी. ते दरवर्षी जन्माला घालतंय. तुम्ही फक्त थांबायचंय."

त्यांनी कागदावर लिहिलं, सही केली आणि आम्हाला वाचून दाखवलं. रान जिवंत. संरक्षण कायम. ड्रायव्हर डेपोच्या दिशेला तोंड करून असा काही ओरडला की तिकडच्या दोन बसवाल्यांनी हॉर्न वाजवले. कंपाउंडर माझ्याजवळ आले, म्हणाले, "चुकतं हो माणसाचं." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले नाही.

मी वन्संपाशी गेले. सहा दिवस मनात जुळवलेलं सगळं बोलायचं होतं. "वन्सं, त्या दिवशी मी..."

"पुरे," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा रडायला लागाल, आणि माझ्याकडे एकच रुमाल आहे."

पुढच्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. ढालीच्या जागी आता एक पुठ्ठा लावलाय. त्यावर बादलीतल्या झाडाची दोन पानं चिकटवलीत, एक खालचं, एक वरचं. वन्सं खुर्चीत थर्मास घेऊन बसल्या होत्या. मी थोरल्याच्या पायथ्याशी गुडघे टेकले. पाचोळा बाजूला केला तर खाली एक रोप वर आलं होतं, बोटभर, दातेरी पानाचं. माझा हात सवयीने बुडाशी गेला. तसाच थांबला. मी पान उलटं केलं, चोळलं. बोटांना काटे टोचून टोचून घट्टे पडले होते, काही नीट कळेना.

अकरा वर्षांत मी त्या रानात कोणाला काही विचारलं नव्हतं.

"वन्सं," मी हाक मारली, "जरा येता का? हे काढू की ठेवू?"

त्यांनी थर्मासाचं झाकण लावलं. काठी घेतली. "थांबा," त्या म्हणाल्या, "आले. मी येईपर्यंत हात लावू नका."

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.